आयडलिंगला गाडी वरखाली होते, प्लग काळे निघतात आणि स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय

आधी लक्षणं नीट लिहितो. तुमच्या गाडीशी जुळली तर पुढचं सगळं वाचा, नाही जुळली तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

गाडी २००६ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल देणारी). १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. सकाळी स्टार्ट केली की एकदम गोड चालते. नागपुरात प्रतापनगरातून निघून छत्रपती चौकापर्यंत काही तक्रार नाही. तिथून वर्धा रोडनं सीताबर्डीकडे जाताना टेम्परेचरचा काटा मधोमध येतो आणि त्यापुढच्या पहिल्याच सिग्नलला सुरू होतं. आरपीएमचा काटा ८०० वरून ६०० वर घसरतो, तिथून उसळी मारून हजारावर जातो, परत खाली. स्टिअरिंग थरथरतं, आरसा थरथरतो. व्हरायटी चौकात तर दोनदा बंदच पडली, एकदा आई सोबत असताना, मागून हॉर्नचा नुसता गोंधळ. पायानं जरा रेस धरून ठेवली की शांत. चालत्या गाडीत काही नाही. एसी लावला की थोडी बरी. मागे उभं राहिलं की पेट्रोलचा उग्र वास, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की काजळी.

हे दीड वर्ष चाललं. त्या दीड वर्षात गाडी चारदा ‘दुरुस्त’ झाली.

पहिल्यांदा प्लग. मिस्त्रींनी चारही काढून दाखवले, कोरड्या काजळीनं काळेकुट्ट. “प्लग गेले भाऊ, म्हणूनच मिसिंग करून राहिली.” नवे टाकले, गाडी तीन आठवडे उत्तम चालली. मग परत तेच. दुसऱ्यांदा थ्रॉटल बॉडी (रेसप्रमाणे इंजिनात हवा सोडणारा भाग) काढून साफ केली. दहा दिवस बरे गेले. तिसऱ्यांदा दुसऱ्या गॅरेजमध्ये आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (रेस न देता इंजिन चालू राहील एवढी हवा सोडणारा) बदलला, तेव्हा आठवडाभर. चौथ्यांदा स्कॅनर लावला. त्यावर मिश्रण पातळ असल्याचा कोड आला, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग इंजेक्टर साफ, पेट्रोल फिल्टर नवा, आणि वर “आजकालच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं होऊन राहिलं हे सगळं” असं निदान. नऊ दिवस.

यातली कोणतीही दुरुस्ती फसवणूक नव्हती. प्लग खरंच खराब होते, थ्रॉटल बॉडीत खरंच कार्बन होता. पण चार वेगवेगळ्या गोष्टी बदलल्या आणि चारही वेळा गाडी आधी सुधारून मग त्याच वळणावर आली, हे मला पटेना. वेगवेगळ्या उपायांचा परिणाम इतका सारखा का?

शांतपणे बसून चारही कामं आठवली तेव्हा एक गोष्ट समोर आली. शेवटच्या तिन्ही वेळी कामाआधी मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली होती. काम करताना ती काढायलाच हवी, चूक काहीच नाही. पण वायर काढली की बऱ्याच जुन्या गाड्यांत ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, शिकलेली माहिती पुसली जाते. पहिल्या वेळी वायर काढली नव्हती, पण नव्या प्लगमध्ये काजळीतही ठिणगी टाकायचा दम असतो, म्हणून तीन आठवडे निघाले.

ताडून पाहायला एका रात्री मी फक्त निगेटिव्ह वायर काढली, पंधरा मिनिटं थांबलो आणि परत लावली. बाकी कशालाही हात लावला नाही. पुढचे सहा दिवस गाडी व्यवस्थित. सातव्या दिवशी अजनी चौकात परत थरथर. मला या चाचणीतून जे कळलं ते आधीच्या चारही बिलांतून कळलं नव्हतं. गाडीचा कुठला भाग अचानक बिघडत नव्हता. ईसीयू दर वेळी काहीतरी चुकीचं शिकत होता.

(तुमच्या गाडीत कोड टाकून चालू होणारा म्युझिक सिस्टम असेल तर वायर काढण्याआधी तो कोड हाताशी ठेवा.)

ईसीयू काय शिकतो, हे थोडं सांगावं लागेल. एक्झॉस्टच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन उरला तर तो साधारण ०.१ व्होल्ट देतो, पेट्रोल जास्त झालं तर ०.९ च्या आसपास. चांगल्या इंजिनात हा आकडा सतत खालीवर नाचत असतो आणि त्यावर ईसीयू इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते क्षणाक्षणाला ठरवतो. रोज रोज एकाच दिशेनं दुरुस्ती करावी लागली तर ती सवय म्हणून साठवून ठेवतो. गार इंजिनात मात्र सेन्सरचं ऐकतच नाही, कारण सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही. तेव्हा तो ठरलेल्या तक्त्यानं पेट्रोल सोडतो.

म्हणजे गार असताना चांगली, तापली की बिघडलेली, स्मृती पुसली की काही दिवस चांगली. तिन्ही गोष्टी ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवत होत्या.

पण मग काळे प्लग आणि स्कॅनरचं ‘पेट्रोल कमी’ यांचा मेळ कसा घालायचा? काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असंच वाटतं. प्रत्यक्षात दोघंही खरं सांगत होते. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आला की बाहेरून, हे त्याला कळायला मार्ग नाही. सेन्सरच्या आधी किंवा त्याच्या लगत एक्झॉस्टला कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर ओरडतो की मिश्रण पातळ आहे. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. फट तशीच, म्हणून आणखी वाढवतो.

एक्झॉस्टमधून तर धूर बाहेर येतो, हवा आत कशी जाईल, हा प्रश्न मलाही पडला होता. धूर सलग वाहत नाही, एकेका सिलिंडरचा धक्का येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि तेवढ्यात फट हवा ओढून घेते. आयडलिंगला धूर थोडा आणि धक्के लांब लांब, म्हणून एवढीशी हवाही सगळं गणित बिघडवते. रेस दिली की धुराचा लोंढा इतका मोठा होतो की त्या हवेला किंमत उरत नाही. एसी लावल्यावर गाडी थोडी सावरायची ती यामुळेच, एसीबरोबर ईसीयू आरपीएम वाढवतो. आणि एकदा काजळीनं प्लग मिस करू लागला की न जळलेला ऑक्सिजन धुरात जातो, सेन्सर पुन्हा ‘पातळ’ म्हणतो, पेट्रोल अजून वाढतं. हे चक्र आपोआप थांबत नाही.

मग जुने कागद काढले. गाडी बाबांची. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि किलोमीटर वहीत लिहायची त्यांची सवय मीही चालू ठेवली आहे. वहीत दिसलं की अ‍ॅव्हरेज लिटरला १५ वरून साडेअकरापर्यंत उतरलंय, आणि घसरण ज्या महिन्यात सुरू झाली त्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘क्लच प्लेट बदलली’. क्लच आणि आयडलिंग यांचा संबंध कोण लावेल? पण अनेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवायला सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवावा लागतो.

पीयूसीच्या पावत्याही कामाला आल्या. पेट्रोल गाडीची पीयूसी आयडलिंगलाच होते आणि पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. भारत स्टेज २ आणि ३ च्या माझ्यासारख्या चारचाकीला मर्यादा ०.५ टक्के. क्लचच्या कामाआधीची पावती ०.१२. नंतरची ०.४१, तीही नवे प्लग टाकल्याच्या आठवड्यातली. दोन्हींवर पास. आपण ‘पास’ एवढंच बघतो आणि पावती घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो. जुन्या पावत्या टाकून देऊ नका. तिपटीनं वाढलेला तो आकडा माझ्याकडे वर्षभर पडून होता.

आता चाचण्या, ज्या घरी करता येतात.

पहिली. इंजिन गार असताना ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर सोडवला आणि बॅटरीची वायर काढून स्मृती पुसली, नाहीतर जुनी सवय तशीच राहते. गाडी सुरू केली. इंजिन चेकचा दिवा लागला, तो लागणारच. फुटाळ्यापर्यंत जाऊन आलो, गाडी पूर्ण तापली, दर सिग्नलला काटा ८०० च्या आसपास स्थिर. म्हणजे इंजेक्टर, आयडल व्हॉल्व्ह, कॉईल सगळे निर्दोष. सेन्सरकडून येणारी बातमी तेवढी चुकीची. या अवस्थेत गाडी दिवसेंदिवस चालवू नका. पेट्रोल जास्त जातं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. चाचणीपुरतंच.

इथे गॅरेजचा सल्ला होता, सेन्सर बदलून टाका. मी थांबलो. सेन्सर महाग असतो, आणि बाहेरची हवा आत येत असेल तर नवा सेन्सरही तेच सांगेल. आधी फट शोधायची, मग सेन्सरवर संशय घ्यायचा. हा क्रम उलटा केल्यामुळे किती चांगले सेन्सर भंगारात जात असतील!

दुसरी चाचणी फट शोधण्याची. इंजिन पूर्ण गार, म्हणजे सकाळी. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला लावली, तिचं तोंड सायलेन्सरच्या टोकात घालून भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळलं. क्लीनर सुरू केला की सगळ्या पाइपात हलका दाब तयार होतो. मग कपड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून एकेका सांध्यावर मारत गेलो. मॅनिफोल्डच्या (चारही सिलिंडरचा धूर एकत्र आणणाऱ्या भागाच्या) गॅस्केटवर काही नाही. सेन्सरच्या चुडीवर काही नाही. मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप जिथे जुळतो त्या फ्लँजवर मारलं आणि खालच्या कडेनं बारीक बारीक फुग्यांची रांग फुटायला लागली. सेन्सर त्या सांध्यापासून जेमतेम चार बोटं पुढे.

टॉर्च लावून नीट पाहिलं. सांध्याच्या खालच्या अंगाला पंख्यासारखी पसरलेली काळी काजळी होती, कडेला गडद आणि बाहेर जाताना राखाडी. हा सांधा दोन स्प्रिंगच्या बोल्टवर असतो. इंजिन हलतं तसा पाइपही थोडा हलायला हवा, म्हणून मध्ये गोल रिंग आणि बोल्टवर जाड स्प्रिंग. एका बाजूला मूळ स्प्रिंगचा बोल्ट होता, गंजलेला पण शाबूत. दुसऱ्या बाजूला साधा बोल्ट, त्याखाली एकावर एक तीन वॉशर. स्प्रिंग कुठेच नाही. एक बाजू लवचिक, दुसरी ताठ. त्यामुळे रिंग एका अंगानं झिजून तिरकी झाली होती. आयडलिंगला इंजिन जरा हललं की सांधा उघडायचा.

पुढचं काम एका तासाचं. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी गाडी रॅम्पवर घेतली, सायलेन्सरची नवी रिंग, दोन नवे स्प्रिंग बोल्ट, सामान सगळं मिळून ६५० रुपये. प्लग घासून साफ केले. इंजिन ऑइलही बदललं, कारण इतके महिने जादा पेट्रोल पडत राहिलं की ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर हे टाळू नका. शेवटी बॅटरीची वायर काढून स्मृती पुसली. मिस्त्री म्हणाले, “आयडलची गाडी आली का आम्ही बॉनेट उघडून वरूनच पाहतो भाऊ. खालून कोण पाह्यते?” मनापासून बोलले, आणि त्यानंतर त्यांनी माझ्याकडून साबणाच्या पाण्याची युक्ती नीट समजून घेतली.

आता आठ महिने झाले. काटा हलत नाही, अ‍ॅव्हरेज साडेचौदा, नव्या पीयूसीवर ०.०९.

तुमचं लक्षण वेगळं असेल तर

आरपीएम सरासरीपेक्षा जास्त राहतो, किंवा १,२०० ते १,८०० मध्ये करवतीच्या दात्यांसारखा चढउतार करतो, आणि एसी लावला की एकदम ठीक होतो, तर इनटेककडे, म्हणजे हवा आत जाते त्या बाजूकडे, पाहा. रबरी पाइप फुटलाय किंवा इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) असतो. त्यांत जादा हवा शिरली की ईसीयू ती मोजून तितकंच पेट्रोल देतो, म्हणून आरपीएम चढतो. पाय तर रेसवर नाही, मग हा वेग कसा, म्हणून ईसीयू पेट्रोल तोडतो, आरपीएम पडतो, परत पेट्रोल देतो. एसीचा भार पडला की ती जादा हवा कामी येते. त्यामुळेच नागपुरात हा दोष मार्चपासून पावसाळ्यापर्यंत लपून राहतो, कारण पंचेचाळीस डिग्रीत एसी बंद करून कोण बसतं? दिवाळीनंतर एसी बंद झाला की तोच दोष ‘नवीन’ म्हणून समोर येतो. आपल्या उन्हात बॉनेटखालचं रबर कडक होऊन तडकतं. ब्रेक बूस्टरची नळी आणि पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) वाकवून पाहा, तडा बहुतेक वळणाच्या आतल्या बाजूला असतो. तपासायला साधं पाणी फवारा, आवाज क्षणभर बदलला की जागा सापडली. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर मारणारे पुष्कळ आहेत, पण त्यानं आग लागते.

आरपीएम फक्त खाली जातो आणि ब्रेक दाबून थांबताना गाडी बंद पडते, तर थ्रॉटलच्या पाकळीमागचा कार्बन किंवा आयडल व्हॉल्व्ह. साफ करा. पण थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडल ‘सेट’ करू देऊ नका. तो फिरला की पाकळी पूर्ण मिटत नाही, पाय काढलाय हे ईसीयूला समजत नाही, आणि नंतर थ्रॉटल साफ केली की आरपीएम भलतीकडेच जातो.

हेडलाइट किंवा रेडिएटरचा फॅन लागल्यावरच गाडी दबते? मल्टिमीटर घ्या. फॅन चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या धातूपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी खराब आहे.

उलट गार असतानाच त्रास आणि तापल्यावर ठीक, तर कूलंटचा टेम्परेचर सेन्सर तपासा. बहुतेक गाड्यांत त्याचा रेझिस्टन्स २० डिग्रीला दोन ते तीन किलोओहम आणि ८० डिग्रीला ०.३ च्या आसपास असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रभर उभी असलेली गाडीही तीस डिग्रीच्या वर असते, म्हणून आकडा कमी दिसला तर लगेच सेन्सर फेकू नका.

इथेनॉलबद्दल लोक फार विचारतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या तक्त्यानं चालणारी गाडी थोडी पातळ चालते हे खरं. पण तापल्यावर सेन्सर ती तूट बऱ्यापैकी भरून काढतो, म्हणून असा त्रास गार इंजिनात जास्त दिसायला हवा. माझी गाडी गार असतानाच तर चांगली होती, आणि तिचे प्लग काळे होते, पांढुरके नव्हते. इथेनॉलचा खरा धोका जुन्या रबराला आणि टाकीतल्या गाळाला आहे. तो गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. पेट्रोलच्या नळ्या ओलसर किंवा चिकट लागल्या तर आजच बदला.

कार्ब्युरेटरच्या गाडीला यातलं ईसीयूचं काही लागू नाही. तिथे पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक), आयडलचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) आणि कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट, याच क्रमानं पाहा.

एक्झॉस्टची फट असेपर्यंत घ्यायची काळजी: बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका, आणि सिग्नलला ब्लोअर बाहेरची हवा ओढत नाहीये हे बघा. हा सांधा इंजिनाच्या मागच्या बाजूला असेल तर धूर थेट आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा किंवा रॅम्प वापरा. नवी रिंग बसवल्यावर ती तापून दाबली जाते, म्हणून ५०० किलोमीटरनंतर, इंजिन गार असताना, दोन्ही बोल्टना पाना लावून बघा. माझा एक बोल्ट तेव्हा अर्धा आटा फिरला.